सॉफ्ट लिमिट ओलांडून महिना झाला तरी वापरकर्ता अडत नाही: कोटासीटीएलची नेहमीची दुखणी आणि उपाय

होस्टिंगचा सर्व्हर असो, कॉलेजची लॅब असो की मेलचं मशीन, डिस्क कोट्याच्या, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याला नेमून दिलेल्या जागेच्या, तक्रारी फिरून फिरून त्याच येतात. सॉफ्ट लिमिट (ओलांडली तरी थोडी मुदत मिळते; हार्ड लिमिट लगेच अडवते) केव्हाच ओलांडली, पण वापरकर्त्याला कोणी अडवत नाही. रेपकोटा ही कोट्याचा अहवाल देणारी आज्ञा दाखवते तो वापर आणि फाइलींची खरी बेरीज जुळत नाही; दुरुस्त करावं तर आठवड्याभरात पुन्हा फरक. किंवा मर्यादा लावणारा प्रोग्रॅम शून्य परत देतो, म्हणजे काम फत्ते, पण मर्यादा काही लागलेली नसते. मग डिस्कवर संशय जातो आणि रात्री-बेरात्री फाइलसिस्टिम तपासणं सुरू होतं. बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते. दोष असतो तो कोटासीटीएल या सिस्टिम कॉलमधून (प्रोग्रॅमने कर्नलला मारलेल्या हाकेतून) कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हाती काय दिलं जातं यात. देणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, बसलेली असते, म्हणून दुखणं बरं होऊन परत उठतं.

खालचं सगळं लिनक्सवरचं आहे, मुख्यतः ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम धरून. एक्सएफएस (दुसरी एक फाइलसिस्टिम) जिथे वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी पाहा, लिहितंय कोण

अंदाज बांधत बसू नका. ज्या स्क्रिप्टवर किंवा कंट्रोल पॅनेलच्या ज्या सेवेवर संशय आहे ती एसट्रेसखाली, म्हणजे सिस्टिम कॉल टिपून दाखवणाऱ्या साधनाखाली, चालवा. पर्याय दोनच लागतात: बारीक एफ, म्हणजे पोटातल्या प्रक्रियाही दिसतील, आणि ट्रेसची गाळणी कोटासीटीएल व कोटासीटीएल_एफडी या दोन कॉलपुरती. नवा एसट्रेस संरचना उलगडून दाखवतो. क्यू_सेटकोटा (मर्यादा लिहिण्याची उपआज्ञा) असलेली प्रत्येक ओळ वाचा आणि तिच्यात तीन गोष्टी पाहा: कुठलं डिव्हाइस, कुठला यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक), आणि शेवटचा डीक्यूबी_व्हॅलिड हा रकाना. निम्मं निदान या शेवटच्या आकड्यात होतं.

व्हॅलिडचा आकडा: ६३ दिसला की समजा

कॉलला दिल्या जाणाऱ्या डीक्यूब्लॉक या संरचनेत आठ आकडे असतात: ब्लॉकच्या (जागेच्या) हार्ड आणि सॉफ्ट मर्यादा, सध्या वापरलेली जागा, आयनोडच्या (फाइलींच्या संख्येच्या) हार्ड आणि सॉफ्ट मर्यादा, सध्याचे आयनोड, आणि दोन मुदती. नववा रकाना व्हॅलिड. आधीच्या आठांपैकी कुठले खरे मानायचे हे कर्नल त्यावरून ठरवतो. बिटांच्या किमती अशा: ब्लॉक मर्यादा १, वापरलेली जागा २, आयनोड मर्यादा ४, वापरलेले आयनोड ८, ब्लॉकची मुदत १६, आयनोडची मुदत ३२. सगळ्यांची बेरीज ६३, तिचं नाव क्यूआयएफ_ऑल.

इथेच पाय घसरतो. सरळ वाटणारी पद्धत म्हणजे क्यू_गेटकोटाने संरचना वाचायची, मर्यादेचे दोन आकडे बदलायचे आणि तीच संरचना क्यू_सेटकोटाला परत द्यायची. वाचताना कर्नलने व्हॅलिडमध्ये ६३ भरून दिलेलं असतं, आणि ते कोणी बदलत नाही. त्यामुळे मर्यादेसोबत वापराचा जुना आकडाही कर्नलमध्ये परत लिहिला जातो.

उदाहरण घ्या. यूआयडी १०४२ चा वापर ४ जीबी, म्हणजे ४२९४९६७२९६ बाइट, असा वाचला. स्क्रिप्ट डेटाबेसमधून त्याचा प्लॅन शोधते आहे, तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्याने ३०० एमबीची फाइल चढवली. कर्नलने मोजणी वाढवली. मग स्क्रिप्टचा क्यू_सेटकोटा आला आणि वापर पुन्हा ४२९४९६७२९६ झाला. ३१४५७२८०० बाइट हिशेबातून गेले. फाइल डिस्कवर आहे, वहीत नाही. उलटंही तितकंच होतं: त्या दोन-तीन सेकंदांत वापरकर्त्याने फाइली पुसल्या, तर जुना मोठा आकडा परत बसतो आणि तो बिचारा जागा मोकळी करूनही डिस्क कोटा एक्सीडेड ही चूक, म्हणजे क्रमांक १२२, बघत राहतो. मोजणी कमी झालेल्या खात्यात पुढे मोठी फाइल पुसली तर आकडा उणे होत नाही, शून्यावर थांबतो. रेपकोटात एखाद्या जुन्या, भरलेल्या खात्याचा वापर शून्य किंवा अगदी किरकोळ दिसला तर हेच झालं असण्याची दाट शक्यता.

याहून वाईट प्रकार म्हणजे संरचना शून्याने भरून, फक्त मर्यादा लिहून, व्हॅलिडमध्ये ६३ टाकणं. एका झटक्यात वापर शून्य. ईएक्सटी४ यावर हूं की चूं करत नाही, कारण वापराचा आकडा लिहिण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. एक्सएफएस मात्र वापर लिहायला नकार देतं आणि ईइनव्हॅल (अवैध मूल्य ही चूक) परत करतं. तोच प्रोग्रॅम एका सर्व्हरवर ईइनव्हॅल देतो आणि दुसऱ्यावर सुरळीत चालतो असं दिसलं, तर सुरळीत चालणाऱ्या सर्व्हरची काळजी जास्त करा.

दुरुस्ती एका ओळीची आहे. ब्लॉक मर्यादा बदलायच्या असतील तर सेट करण्याआधी व्हॅलिडमध्ये १ लिहा. आयनोडच्याही बदलायच्या असतील तर ५. वापराचे बिट, म्हणजे २ आणि ८, कुठल्याही नेहमीच्या स्क्रिप्टमध्ये असायचं कारण नाही.

मुदत संपतच नाही, ती का

सॉफ्ट लिमिट ओलांडली की मुदतीचं घड्याळ सुरू होतं. कोणी बदललेली नसेल तर मुदत ६०४८०० सेकंद, म्हणजे ७ दिवस. तेवढ्यात वापर खाली आला नाही तर सॉफ्ट लिमिटच हार्डसारखी वागू लागते आणि नवा ब्लॉक मिळत नाही. मग महिनाभर ओलांडून बसलेला वापरकर्ता मोकळा कसा?

ईएक्सटी४ ज्या सामायिक कोटा कोडवर चालतं त्याचा नियम असा आहे: ब्लॉक मर्यादा पुन्हा लिहिली गेली, वापर सॉफ्ट लिमिटच्या वर आहे, आणि कॉल करणाऱ्याने मुदत स्वतः दिलेली नाही, तर मुदत आत्तापासून नव्याने मोजायची. नवी मर्यादा जुन्याइतकीच असली तरी. म्हणजे रोज पहाटे सगळ्या खात्यांना प्लॅनप्रमाणे मर्यादा लावणारी स्क्रिप्ट रोज पहाटे सगळ्यांना नवे ७ दिवस देते. सेटकोटा ही आज्ञाही मर्यादा लिहायला हाच कॉल वापरते, तेव्हा शेलमधून केलं म्हणून सुटका नाही.

खात्री करून घेणं सोपं आहे. रेपकोटाला बारीक पी हा पर्याय दिला की मुदतीच्या रकान्यात उरलेले दिवस न दाखवता मुदत संपण्याचा क्षण युनिक्स सेकंदांत येतो. क्रॉनचं काम होण्याआधी आणि नंतर असा दोनदा तो आकडा घ्या. मर्यादा ओलांडलेल्या खात्याचा आकडा पुढे सरकला असेल तर चोर सापडला. पी न लावताही खूण दिसते: रोज सकाळी त्याच खात्यापुढे सहा दिवस. घड्याळ नीट चालत असेल तर आठवड्याने तिथे नन, म्हणजे मुदत संपली, असं यायला हवं.

उपाय दोन. पहिला आणि खरा: जे बदललेलं नाही ते लिहू नका. क्यू_गेटकोटाने वाचा, चारही मर्यादा हव्या तशाच असतील तर पुढच्या खात्याकडे जा. मोठ्या सर्व्हरवर यामुळे निरर्थक लिखाणही वाचतं. दुसरा: मर्यादा खरंच बदलायची आहे पण चालू मुदत तशीच ठेवायची आहे, तर वाचलेला डीक्यूबी_बीटाइम तसाच ठेवून व्हॅलिडमध्ये १७ द्या, म्हणजे १ अधिक १६. बीटाइम हा उरलेला अवधी नसून मुदत संपण्याचा क्षण आहे. तिथे ६०४८०० लिहिलं तर ती तारीख जानेवारी १९७० मधली होते आणि मुदत त्याच क्षणी संपते. अवधी सेकंदांत असतो तो क्यू_सेटइन्फोच्या डीक्यूआय_बीग्रेसमध्ये, आणि तो सगळ्या फाइलसिस्टिमला लागू असतो. तो बदलल्याने आधीच सुरू झालेल्या मुदती हलत नाहीत. तिथेही व्हॅलिडचा रकाना आहे: फक्त ब्लॉकची मुदत बदलायची तर १ द्या, नाहीतर आयनोडची मुदत शून्य होऊन बसेल आणि सॉफ्ट लिमिट ओलांडताच लोक अडतील.

एक्सएफएसमध्ये मर्यादा पुन्हा लिहिल्याने चालू घड्याळ मागे फिरत नाही. पण तिथे दुसरी खोड आहे: सॉफ्ट लिमिट हार्डपेक्षा मोठी दिली तर ती जोडी गुपचूप बाजूला ठेवली जाते आणि कॉल मात्र यशस्वी म्हणून परततो. सेट केल्यावर वाचून पडताळा, हा त्यावरचा एकमेव भरवसा.

एकक चुकलं की मर्यादा १०२४ पट

डीक्यूब्लॉकमध्ये वापर बाइटमध्ये येतो आणि मर्यादा १०२४ बाइटच्या ब्लॉकमध्ये. एकाच संरचनेत दोन एककं. असं का केलं असेल यावर वाद घालायला हरकत नाही, पण ते आता बदलणार नाही. ५ जीबीची हार्ड लिमिट म्हणजे ५२४२८८०. तिथे बाइट समजून ५३६८७०९१२० लिहिलं तर मर्यादा ५ टीबी होते, आणि ‘कोटा लागतच नाही’ अशी तक्रार येते. वाचताना उलटी चूक होते: वापर आणि मर्यादा थेट ताडून पाहिल्या की प्रत्येक खातं मर्यादेबाहेर दिसतं आणि इशाऱ्याचे मेल सगळ्यांना जातात.

एक्सएफएसच्या खास उपआज्ञा, म्हणजे क्यू_एक्सगेटकोटा आणि क्यू_एक्ससेटक्यूलिम, ५१२ बाइटचे ब्लॉक मोजतात. तेच ५ जीबी तिथे १०४८५७६०. एक्सएफएसवर साध्या क्यू_गेटकोटा आणि क्यू_सेटकोटाही चालतात आणि रूपांतर कर्नल करतो. दोन्ही प्रकारच्या फाइलसिस्टिम सांभाळायच्या असतील तर साध्याच वापरलेल्या बऱ्या.

मोठ्या मर्यादेवर ईरेंज (आकडा आवाक्याबाहेर ही चूक) आला तर कोटा फाइलचं रूप जुनं आहे. व्हीएफएसव्ही० मध्ये ब्लॉक मर्यादा ३२ बिटांची, म्हणून ४ टीबीच्या वर जाता येत नाही. व्हीएफएसव्ही१ मध्ये ती ६४ बिटांची आहे.

बिघडलेली मोजणी सरळ करणं

स्क्रिप्ट आधी दुरुस्त करा, मग मोजणी. क्रम उलटा केला तर पहाटे पुन्हा तेच.

ईएक्सटी४ वर कोटा हे वैशिष्ट्य चालू आहे का ते ट्यून२एफएस बारीक एलने पाहा. चालू असेल तर हिशेब लपवलेल्या आयनोडमध्ये असतो, वापरकर्त्यांचा ३ मध्ये आणि गटांचा ४ मध्ये, आणि तो सरळ करणं ई२एफएससीकेचं काम. फाइलसिस्टिम उतरवा, बारीक एफ देऊन सक्तीने तपासा. ज्या यूआयडीचा हिशेब चुकला आहे त्याच्या नावाने कोटा वॉर्निंग येते, खरा आणि नोंदलेला असे दोन्ही आकडे दिसतात, आणि दुरुस्त करू का असं विचारलं जातं. ही यादी जपून ठेवा. कुठल्या खात्यांना स्क्रिप्टने हात लावला होता ते त्यातून कळतं.

वैशिष्ट्य चालू नसेल आणि मुळाशी एकोटा.यूजर ही फाइल असेल तर आधी कोटाऑफ, मग कोटाचेक, मग कोटाऑन. कोटा चालू ठेवून कोटाचेक चालवला तर फाइलच बिघडू शकते. कोटाचेक फाइलसिस्टिम केवळ-वाचनात टाकू पाहतो. ते जमत नसेल तर बारीक एमने टाळता येतं, पण मग मोजणी चालू असताना लिहिलं गेलेलं हिशेबात नीट येईल याची हमी नाही, तेव्हा सेवा थांबवून करा. आणि बारीक सी हा पर्याय सवयीने लावू नका: त्याने जुनी फाइल वाचलीच जात नाही, नवी बनते, आणि सगळ्यांच्या मर्यादा पुसल्या जातात. इंटरनेटवरच्या बऱ्याच ‘कोटा कसा लावावा’ लेखांत हा सी पहिल्या उभारणीसाठी असतो आणि लोक तो दुरुस्तीलाही तसाच उचलतात.

मोजणी चुकली म्हणण्याआधी डीयू या जागा मोजणाऱ्या आज्ञेवर विसंबू नका. डीयू एका फोल्डरपुरतं पाहतो. कोटा त्या फाइलसिस्टिमवर त्या यूआयडीच्या मालकीचं जे जे आहे ते धरतो, मग ते टेंपमध्ये असो की दुसऱ्याच्या घरात. फाइंडला एक्सडेव्ह आणि यूजर हे पर्याय देऊन पूर्ण फाइलसिस्टिमवर शोधा. त्यानंतरही कोट्याचा आकडा जास्त असेल तर पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली पाहा. एलएसओएफला अधिक मोठा एल आणि १ दिलं की त्या दिसतात. लॉग फिरवल्यावर सेवा पुन्हा सुरू केली नाही की हे हमखास असतं.

कर्नल अपडेटनंतर नो सच प्रोसेस

कोटाऑन करताना ‘नो सच प्रोसेस’ असं उत्तर आलं की लोक प्रक्रिया शोधायला लागतात. ईएसआरसीएचचा तो छापील मजकूर आहे, इथे त्याचा प्रक्रियेशी संबंध नाही. कोटासीटीएलच्या बाबतीत त्याचे अर्थ वेगळे: क्यू_गेटकोटाला आला तर त्या फाइलसिस्टिमवर कोटा चालूच नाही, क्यू_कोटाऑनला आला तर त्या रूपाचा कोटा कर्नलला ठाऊक नाही. दुसरा प्रकार क्लाउडवरच्या उबुंटूत नेहमीचा आहे. तिथल्या छोट्या कर्नलसोबत कोटा_व्ही२ हे मॉड्यूल येत नाही, ते लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा या वेगळ्या पॅकेजात असतं आणि ते पॅकेज कर्नलच्या नेमक्या आवृत्तीला बांधलेलं असतं. कर्नल बदलला, एक्स्ट्रा आलं नाही, मशीन पुन्हा सुरू झालं, कोटा गेला. यूनेम बारीक आरने आवृत्ती पाहा, तिचं एक्स्ट्रा पॅकेज बसवा, मॉडप्रोबने कोटा_व्ही२ चढवा आणि कोटाऑन करा.

एक्सएफएसवर कोटा माउंट होतानाच सांगावा लागतो. नंतर रीमाउंट करून तो चालू होत नाही. मुख्य फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल तर एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीत) लिहूनही भागत नाही. कर्नलच्या ओळीत रूटफ्लॅग्जमध्ये यूकोटा द्यावं लागतं.

बाकीच्या चुकांचे अर्थ, झटपट

ईनॉटबीएलके आला तर कॉलमध्ये दुसऱ्या जागी होम फोल्डरचा पत्ता दिलेला आहे. तिथे ब्लॉक डिव्हाइस हवं. डिव्हाइस शोधायला माउंटइन्फो वाचा, एफएसटॅब नको, कारण तिथे बहुधा यूयूआयडी असतो. लिनक्स ५.१४ पासून कोटासीटीएल_एफडी आहे. त्याला माउंटवरची कुठलीही उघडी फाइल चालते. पण त्याच्यात उघड्या फाइलचा क्रमांक (फाइल डिस्क्रिप्टर) आधी आणि आज्ञा नंतर. जुन्यात आज्ञा आधी. सिस्टिम कॉल क्रमांकाने थेट हाक मारणाऱ्यांनी, जुन्याला एक्स८६-६४ वर १७९ आणि नव्याला ४४३, हा क्रम तपासावा.

पायथनमधून करताना पहिल्याच कॉलला ईइनव्हॅल आला तर आज्ञा सरकवायची राहिली आहे. उपआज्ञा ८ बिट डावीकडे सरकवून तिच्यात प्रकार मिसळायचा: वापरकर्ता ०, गट १, प्रकल्प २. वापरकर्त्यासाठी क्यू_सेटकोटा सोळा-आधारी ८००००८०० होतो. सरकवली नाही तर शेवटचा ८ हाच प्रकार समजला जातो, आणि असा प्रकार अस्तित्वात नाही.

ईपर्म, म्हणजे परवानगी नाही: दुसऱ्याचा कोटा वाचायला किंवा कोणाचाही लिहायला कॅप_सिस_ॲडमिन हा अधिकार लागतो, आणि तोही यजमान मशीनच्या मूळ नेमस्पेसमधला. कंटेनरच्या आतला रूट इथे रूट नाही. काम यजमान मशीनवर करा. बीटीआरएफएसवर हा कॉल उपयोगाचा नाही, तिथे त्याची स्वतःची क्यूग्रुप ही सोय. एनएफएसवर कोटा सर्व्हरच्या बाजूला लावायचा.

लाइव्ह सर्व्हरवर प्रयोग नको

५१२ एमबीची प्रतिमा फाइल बनवा, एमकेएफएस.ईएक्सटी४ ला मोठ्या ओने कोटा वैशिष्ट्य द्या, लूप आणि यूजरकोटा पर्यायांनी ती चढवा. सेटकोटा बारीक टीने दोन्ही मुदती १२० सेकंद करा. चाचणी खात्याला सॉफ्ट १०२४० आणि हार्ड १२२८८ ब्लॉक द्या, म्हणजे १० आणि १२ एमबी. त्या खात्याच्या मालकीचा एक फोल्डर आत करा. आता त्या खात्यातूनच लिहा. रूटकडे कॅप_सिस_रिसोर्स असतं आणि त्याला मर्यादा अडवत नाही, म्हणून रूटने केलेली चाचणी काहीच सांगत नाही. ११ एमबी जाईल, १३ एमबीला १२२ यायला हवा. ती १३ ची अर्धवट फाइल पुसून ११ वर परत या. दोन मिनिटं थांबा, आणखी ४ केबी लिहून पाहा: तेही अडायला हवं. आता आपली रोजची स्क्रिप्ट या माउंटवर चालवा आणि तेच ४ केबी पुन्हा लिहा. गेले, तर स्क्रिप्ट मुदत नव्याने सुरू करते आहे.

राहिला एक प्रकार, जो चुकांच्या यादीत कुठेच दिसत नाही. खातं काढून टाकलं तरी त्या यूआयडीच्या मर्यादा कोट्यात राहतात, आणि उद्या नव्या खात्याला तोच यूआयडी मिळाला की जुन्या मालकाची मर्यादा, शिल्लक फाइली असतील तर त्यांचा वापरसुद्धा, त्याच्या माथी येतो. रेपकोटात नावाऐवजी खुणेसह नुसता क्रमांक दिसतो ती अशी अनाथ खाती. लिनक्स ४.६ पासून क्यू_गेटनेक्स्टकोटा आहे: ० पासून सुरू करा, मिळालेल्या यूआयडीत १ मिळवत पुढे जा, पुढे कोणी नाही अशी चूक आली की यादी संपली. ज्याला पासवर्ड फाइलीत नाव नाही त्याच्या फाइली आधी हलवा किंवा पुसा, मग चारही मर्यादा शून्य करा, व्हॅलिड ५ ठेवून.